पन्हाळा ते विशाळगड : शेवटचा दिवस

स्मरणिकेसाठी यंदा काहीतरी इतिहासावर लिहा, असे समितीचे म्हणणे पडले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी पडलो डिप्लोमावाला, रेल्वेच्या इंजिनियरिंग खात्यातला माणूस. रूळ, स्लीपर, गिट्टी, मोऱ्या आणि पूल एवढ्यातच माझे आयुष्य गेले. पण 2018 च्या जुलैत आम्ही खात्यातले नऊ जण रायपूरहून पन्हाळा-विशाळगड चालायला गेलो होतो आणि तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. इतिहासाच्या पुस्तकांतून ती माझ्या वाचनात आलेली नाही. पूल मोजणाऱ्या माणसालाच ती दिसावी अशी आहे. म्हणून हा लेख.

ज्या रात्रीबद्दल लिहायचे ती सगळ्यांना ठाऊक आहे. 1660 च्या मार्चपासून सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडण्याचा प्रयत्न केला, तो फसला. राजापूरच्या वखारीतला इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला आला होता आणि आपले निशाण लावून गडावर मारा करत होता. (त्याचे उट्टे महाराजांनी पुढच्याच वर्षी, 1661 मध्ये राजापूरवर धाड घालून काढले.) तिकडे शाएस्ताखान पुण्यात येऊन बसला होता आणि चाकणच्या किल्ल्याला त्याचा वेढा पडला होता. म्हणजे राजा एका कोपऱ्यात अडकलेला आणि घराला दुसरीकडून आग लागलेली. पावसाळा आला तरी सिद्दी हलेना. तेव्हा 12 जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेला, महाराज पालखीतून सुमारे सहाशे बांदल मावळ्यांसह गडाखाली उतरले आणि विशाळगडाच्या वाटेला लागले. विशाळगडाचे जुने नाव खेळणा. 1659 च्या अखेरीस तो स्वराज्यात आला होता.

पन्हाळ्यापासून विशाळगड पायवाटेने साठ-पासष्ट किलोमीटर भरतो. आम्हाला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी राजदिंडीने उतरून म्हाळुंगे, मग मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी. दुसऱ्या दिवशी आंबेवाडी, रिंगेवाडी अशा वाड्या-वस्त्या मागे टाकत पांढरेपाणी. तिसऱ्या दिवशी पावनखिंड आणि गड. पाठीवर पिशव्या, अंगात रेनकोट, वाटेत शाळेत मुक्काम आणि गरम पिठलं-भाकरी असूनही तीन दिवस. त्यांनी तेच अंतर एका रात्रीत आणि पुढच्या दिवसभरात काटले, भर पावसात, पालखी खांद्यावर घेऊन. वीस-एकवीस तास धरले तर ताशी तीन किलोमीटर पडतात. आकडा ऐकायला लहान वाटतो. आमच्या गँगचा माणूस सपाट रुळावर याहून जास्त चालतो. पण मसाई पठारावरचा गुडघाभर चिखल, लाल मातीची निसरडी उतरण, चार पावलांवरचे न दिसणारे धुके आणि अंगाला चिकटणाऱ्या जळवा यांचा हिशेब या तीनमध्ये धरलेला नाही.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो.

रेल्वेची नवी लाइन टाकायची तर आधी नकाशावर रेघ ओढावी लागते. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षीच आम्हाला शिकवले होते की रेघ दोन प्रकारे नेता येते, दरीतून किंवा धारेवरून. दरीतून नेली तर चढ-उतार कमी, पण प्रत्येक ओढा, प्रत्येक नाला येऊन तुम्हाला आडवा जातो आणि दर वेळी पूल किंवा मोरी बांधावी लागते. धारेवरून नेली तर चढ सोसावा लागतो, पण पाणी दोन्ही बाजूंना उतरून जाते. तुमच्या वाटेला पाणी आडवे येतच नाही. अशा धारेला जलविभाजक म्हणतात. आपल्या छत्तीसगडच्या सपाट मैदानात याचे महत्त्व चटकन कळत नाही. शिवनाथ आणि महानदी आपल्याला दुरून दिसतात आणि पूल बांधून मोकळे होता येते. सह्याद्रीत जुलै महिन्यात ही गोष्ट जीवन-मरणाची होते.

पन्हाळ्यापासून पश्चिमेला जी डोंगररांग जाते तिच्या दक्षिणेचे पाणी कासारी नदीत उतरते आणि पंचगंगेला मिळते. उत्तरेचे पाणी कडवी-शाळीच्या वाटेने वारणेला जाते. मसाई पठार याच रांगेच्या माथ्यावर आहे. दोन दिवस आम्ही चाललो ते बहुतांशी याच दोन खोऱ्यांच्या मधल्या बांधावरून. खाली कासारीचे पात्र तांबडे होऊन दुथडी वाहत होते, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता. आम्हाला ओढे लागलेच नाहीत असे नाही. लागले, पण उगमाजवळचे, गुडघ्यापर्यंतचे, उडी मारून जाण्यासारखे. तेच ओढे तीन-चार किलोमीटर खाली जाऊन पाहिले असते तर दोर लावूनही पार करता आले नसते. दुसऱ्या दिवशी दुपारी एका वाडीत चहा घेताना मी वहीत हिशेब केला. दोन दिवसांत ज्यावर पूल बांधावा असे मला वाटले असते असे ओढे मोजून चार. खोऱ्यातून गेलो असतो तर चाळीस झाले असते की पन्नास, कोण जाणे.

ही वाट ज्याने ठरवली तो माणूस कोण होता हे कुठे लिहिलेले नाही. हेर असतील, धनगर असतील, वाड्यांतले लोक असतील. पण त्यांनी ओढलेली रेघ आजही कोणा सर्व्हेयरला दुरुस्त करावी लागणार नाही.

याची उलट बाजू इतिहासानेच दाखवून ठेवली आहे आणि मला ती फार बोलकी वाटते. बेचाळीस वर्षांनी खुद्द औरंगजेब याच खेळण्यापुढे येऊन बसला. डिसेंबर 1701 ते जून 1702 असा वेढा चालला आणि शेवटी परशुराम त्र्यंबकांशी वाटाघाटी करून, मोठी रक्कम मोजून किल्ला त्याच्या हाती आला. त्याने किल्ल्याचे नाव बदलून सख्खरलना ठेवले. मग लष्कर परत फिरले. जून महिना, हत्ती, उंट, तोफा, बाजारबुणगे आणि त्र्याऐंशी वर्षांचा बादशहा. विशाळगडापासून पन्हाळ्यापर्यंतचे तीस मैल तुडवायला त्या सैन्याला एक महिन्याहून अधिक काळ लागला. ओढ्यांच्या काठावर दिवस दिवस खोळंबून राहावे लागले, जनावरे वाहून गेली, माणसे उपासमारीने आणि पावसाने मेली, धान्याचे भाव कुठल्या कुठे गेले. तोच मुलूख आणि तोच पावसाळा. एकाला एक रात्र आणि एक दिवस लागला, दुसऱ्याला महिना. तोफगाडा धारेवर चढत नाही, त्याला खोऱ्यातूनच जावे लागते, आणि खोऱ्यात पाणी असते. (हा मुलूख परक्या सैन्याला आधीही भोवला होता. 1453 मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार शिर्क्यांच्या भरवशावर खेळण्याच्या जंगलात शिरला आणि फौजेसकट कापला गेला.)

पण धारेच्या वाटेचे एक दुखणे आहे. ती कधीतरी संपते. तिसऱ्या दिवशी सकाळी पांढरेपाण्याहून निघालो तेव्हा हे पायांना कळले. पन्हाळ्याची रांग इथे सह्याद्रीच्या मुख्य माथ्याला येऊन भिडते. विशाळगड पलीकडे, कोकणच्या कड्यावर, स्वतंत्र उभा आहे. तिकडे जायचे तर ज्या कासारीला दोन दिवस खाली ठेवून आपण वरून चाललो, तिच्याच उगमाकडचे पाणी आता ओलांडावे लागते. रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर इतका वेळ टाळलेला पूल इथे टळत नाही. त्याच जागी ती घोडखिंड आहे.

खिंड म्हणजे दोन डोंगरांमधली मोकळी वाट असे माझ्या डोक्यात होते. लहानपणी पाहिलेल्या चित्रांनी तसे करून ठेवले होते. प्रत्यक्षात ती ओढ्याने कातळात कापलेली अरुंद घळ आहे. आता उतरायला लोखंडी जिना आणि कठडे केले आहेत. खाली पाणी घोंघावत होते आणि वर झाडांनी आभाळ झाकून टाकले होते. दोन माणसे शेजारी-शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याला जागा नाही, असे काही टप्पे आहेत. लढाई नेमकी या घळीत झाली की गजापूरच्या बाजूला चढावर, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला वाटते ते एवढेच : भरल्या ओढ्याच्या आत उभे राहून कोणी पाच-सहा तास तलवार चालवू शकणार नाही. पण पाणी ओलांडून वर येणाऱ्याला पलीकडच्या काठावरून थोपवायचे असेल तर याहून चांगली जागा त्या साऱ्या वाटेवर आम्हाला दिसली नाही. मसाईच्या पठारावर घोडा चालतो. पाठलागावर आलेल्या सिद्दी मसूदच्या स्वारांना तिथे आडवणे अशक्य होते. इथे मात्र घोड्यावरून उतरावेच लागते.

इथपर्यंत आम्ही आठ जण ठीक होतो. नववा मागे पडला होता.

तो आमच्या सेक्शनचा कीमॅन. छत्तीसगढ़िया, निवृत्तीला तीन वर्षे उरलेली. सगळ्या गटात चालण्याची सवय असलेला खरा माणूस तोच. तीस वर्षे रोज हातोडा आणि पाना घेऊन त्याने रूळ पालथा घातला आहे. पहिल्या दिवशी तोच सगळ्यांच्या पुढे होता आणि आम्ही डिप्लोमा-डिग्रीवाले त्याच्या मागे धापा टाकत होतो. पण रूळ सपाट असतो. उतरणीची सवय त्याच्या गुडघ्यांना नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुडघा सुजला, रात्री तेल चोळले, सकाळी तो काही बोलला नाही आणि खिंडीपाशी येऊन दगडावर बसला तो बसलाच. म्हणाला, "साहब, मोर गोड़ अड़बड़ पिरावत हे. तुमन जावव, मैं इहें बइठे हंव."

पुढचे दहा-बारा किलोमीटर होते. संध्याकाळची कोल्हापूरची गाडी गाठायची होती आणि दुसऱ्या दिवशीची महाराष्ट्र एक्सप्रेस. गोंदियापर्यंत ती, मग पुढे रायपूरची गाडी, आणि सोमवारी ड्यूटी. गटाचा प्रमुख मी. ठरले असे की सात जणांनी पुढे चालत जावे आणि मी त्याच्याजवळ थांबून गावातून जीप मिळाली की रस्त्याने गडाच्या पायथ्याशी यावे. खिंडीपर्यंत आता डांबरी रस्ता आहे, त्यामुळे अडचण काही नव्हती. पण मनातून मी चिडलो होतो, हे कबूल करायला हवे. तीन महिने आधीपासून सुट्ट्या जुळवल्या, नकाशे काढले, आणि शेवटचा टप्पा माझाच राहिला. बाकीचे "जय भवानी" म्हणत वळणाआड गेले आणि मी पावसात ताडपत्रीखाली बसून राहिलो.

जीप यायला जवळजवळ तीन तास लागले. त्या तीन तासांत मी खिंड जितकी पाहिली तितकी त्या सातांनी पाहिली नाही. कुठून माणूस वर येऊ शकतो, कुठे दगड रचले तर किती जणांना अडवता येईल, पाणी वाढले तर काठ कुठपर्यंत बुडतो, हे सगळे पाहून झाले. पलीकडच्या चढावर मी एकदा जाऊन खालच्या वाटेचा अंदाजही घेतला. धुके सरले की वाट दिसे, आले की काही नाही.

कीमॅनला शिवाजी महाराज ठाऊक होते, बाजीप्रभू नव्हते. मी सांगितले. हिरडस मावळचे बांदल देशमुख, त्यांचे देशकुलकर्णी बाजीप्रभू. सहाशेतले निम्मे इथे थांबले, निम्मे राजाला घेऊन पुढे गेले. गडावर पोचल्याच्या तोफा ऐकू येईपर्यंत खिंड सोडायची नाही, असे ठरले. शिवा काशिदाचेही सांगितले, जो राजाच्या वेषात दुसऱ्या पालखीत बसून शत्रूच्या हाती गेला. न्हाव्याचा मुलगा होता म्हणतात. पन्हाळ्याच्या पायथ्याशी नेबापूरला त्याची समाधी आहे, ती आम्ही पहिल्याच दिवशी पाहिली होती. मी त्याला हेही सांगितले की तोफांचे आवाज, शिवा काशिद हे सारे आपल्यापर्यंत परंपरेतून आले आहे. जेधे शकावली ही त्या काळाशी जवळची नोंद, पण ती अगदी थोडक्यात आहे. राजे पन्हाळ्याहून उतरून खेळण्यास गेले, सिद्दीच्या फौजेने पाठलाग केला, बांदलांच्या लोकांनी शर्थीने झुंज दिली, बाजीप्रभू पडले, एवढाच तिचा आशय.

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "तीन सौ झन के नाव लिखाय हे का, साहब?"

मी म्हणालो, बाजीप्रभू, त्यांचे भाऊ फुलाजी. आणखी एखाद-दोन नावे कोणी घेतात. बाकी नाही.

"हमर गैंग के मस्टर म त सबो के नाव रहिथे," तो म्हणाला.

यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. गँगच्या मस्टरवर खरेच सगळ्यांची नावे असतात, रजेवर असलेल्याचे आणि अनफिट असलेल्याचेसुद्धा. मग तो सोनाखानच्या वीर नारायण सिंहांबद्दल बोलू लागला, ज्यांना 10 डिसेंबर 1857 रोजी आपल्या रायपुरात फाशी दिले. त्यांच्याबरोबर डोंगरात राहिलेल्यांची नावे त्याच्या आजीला माहीत होती म्हणे, त्याला नाहीत. आपण इतकी वर्षे जयस्तंभ चौकातून येतो-जातो. मी ते नाव फलकावर वाचले होते, त्यापलीकडे कधी विचारले नव्हते. माझ्या खात्यातल्या माणसाने ते मला कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खिंडीत सांगावे, याची मला थोडी लाज वाटली.

बांदलांचे मात्र एक झाले. दरबारात पहिल्या मानाचा हक्क त्याआधी जेध्यांचा होता. या लढाईनंतर महाराजांनी तो बांदलांना दिला आणि जेध्यांनी तो सोडला. वतनाच्या मानापानावरून पिढ्यान् पिढ्या डोकी फुटत त्या काळात ही गोष्ट लहान नाही. जेध्यांच्याच कागदांत ती नोंदलेली आहे, म्हणून ती मला जास्त खरी वाटते. आपला मान गेल्याचे कोण लिहून ठेवतो?

जीप आली. भाततळी, गजापूर करत आम्ही अर्ध्या तासात विशाळगडाच्या पायथ्याशी. गड आणि अलीकडचे पठार यांच्यामध्ये खोल दरी आहे, तिच्यावर लोखंडी पूल आहे. दोन दिवस पूल टाळत आलेल्या वाटेचा शेवट पुलानेच होतो हे पाहून मला हसू आले. 1660 मध्ये तो नव्हता. शिवाय गडाच्या पायथ्याशी सूर्यराव सुर्वे आणि पालवणीचे जसवंतराव दळवी आधीच वेढा घालून बसलेले होते. ही गोष्ट आपण सांगताना नेहमी विसरतो. खिंडीतून जे निम्मे पुढे गेले ते काही सुखाने गडात शिरले नाहीत. रात्रभर पालखी वाहिलेल्या, एक दिवस आणि एक रात्र न झोपलेल्या माणसांना इथे पुन्हा तलवार उपसून मार्ग काढावा लागला, तेव्हा दरवाजा उघडला. शेवटच्या दिवसाच्या शेवटच्या तासातली ती लढाई कोणी गात नाही. मला तर आता वाटते, खिंडीइतकीच ती कठीण असली पाहिजे. खिंडीत जमीन आपल्या बाजूची होती, इथे चढ अंगावर होता.

आणि इतके करून पन्हाळा त्याच वर्षी आदिलशाहीला द्यावाच लागला. तो परत आला 1673 मध्ये, कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसांनिशी घेतला तेव्हा.

आम्ही पुलाजवळच्या टपरीवर दोनदा चहा घेतला. बाकीचे सात जण दीडेक तासाने आले. चिखलाने ओळखू येत नव्हते, एकाच्या बुटाचा तळवा सुतळीने बांधलेला. त्यांनी शेवटचा टप्पा कसा होता ते मोठ्या उत्साहाने सांगितले. मी ऐकून घेतले. लोक मला आजही विचारतात, तुम्ही पन्हाळा-विशाळगड केला का? मी हो म्हणतो. खरे तर शेवटचे दहा-बारा किलोमीटर मी चाललेलो नाही, हे इथे पहिल्यांदाच लिहितो आहे.

बाजीप्रभू आणि फुलाजी या दोघा भावांची समाधी गडावर आहे. कीमॅनला म्हटले, तू खालीच बस, आम्ही जाऊन येतो. तो ऐकेना. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर, एकेक पायरी करत चढलो. पाऊण तास लागला. समाधीपाशी कोणीतरी आधी वाहिलेली झेंडूची फुले पावसाने भिजून दगडाला चिकटली होती. त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली उदबत्ती काढली, राजिमच्या कुलेश्वर महादेवाची म्हणून घरून आणलेली. काड्या ओल्या झाल्या होत्या. आठवी काडी पेटली.

मग उतरायला लागलो, कारण कोल्हापूरची शेवटची गाडी साडेपाचला होती.